एका बाटलीचा कलंक

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत 'हाफकिन' हे नाव नवे नाही. सोयाबीनच्या काढणीत किंवा रात्री मोटार सुरू करायला गेल्यावर कोणाला साप चावला, की त्याला तालुक्याच्या दवाखान्यात नेतात. तेथे टोचल्या जाणाऱ्या सर्पविषावरील औषधाच्या कुप्यांवर हे नाव अनेक दशके वाचले गेले. लहान मुलांच्या तोंडात पडणाऱ्या पोलिओच्या थेंबांशीही ते जोडलेले आहे. मात्र हाफकिन हे एखाद्या कारखान्याचे वा औषधाचे नाव नसून ते एका माणसाचे आडनाव आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. हा माणूस मराठी नव्हता, भारतीय नव्हता, इंग्रज नव्हता आणि वैद्यकीची पदवी घेतलेला डॉक्टरही नव्हता. आयुष्याची सुमारे वीस वर्षे त्याने भारतासाठी वेचली. त्यातली ऐन उमेदीची काही वर्षे लशीच्या एका बाटलीने गिळून टाकली. ती बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली, की ती उघडणाऱ्याच्या हातून, हा तो प्रश्न होता. शंभराहून अधिक वर्षांनंतरही रक्त, थुंकी आणि लघवीचे नमुने हाताळणाऱ्या प्रत्येक प्रयोगशाळेपुढे तोच प्रश्न रोज उभा असतो.

वाल्डेमार मॉर्डेकाय हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या शहरात एका ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. ओडेसा तेव्हा रशियन साम्राज्यात होते. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकॉफ यांच्यासारखा गुरू लाभला. शरीरातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळतात, हे पुढे सिद्ध करून नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच ते शास्त्रज्ञ. शिक्षणाचे ते दिवस शांततेचे नव्हते. रशियात ज्यूंवर हल्ले होत होते. स्वसंरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या ज्यू तरुणांच्या दलात हाफकिन सामील झाले, जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. मेचनिकॉफ यांच्या मध्यस्थीने त्यांची सुटका झाली. पुढे विद्यापीठात अध्यापनाची संधी होती, पण तिच्यासाठी धर्म सोडण्याची अट होती. हाफकिन यांनी ती नाकारली आणि १८८८ मध्ये मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. जागा मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची. दिवसा पुस्तके सांभाळायची आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकावर डोळा लावायचा, असा त्यांचा क्रम सुरू झाला.

त्या काळी पटकीने युरोप आणि आशिया खंड हवालदिल झाले होते. हाफकिन यांनी पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून एकामागून एक असे एकोणचाळीस वेळा नेले आणि त्यांची तीव्रता वाढवली. सौम्य केलेल्या जंतूंची एक मात्रा आणि त्यानंतर या तीव्र जंतूंची दुसरी मात्रा, अशी ती लस होती. प्राण्यांवर ती यशस्वी ठरली, पण माणसाला ती सोसेल का, याचे उत्तर कोणाजवळ नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि उतरलाही. त्यानंतर काही मित्रांनीही ती टोचून घेतली. स्वतःच्या देहावर परीक्षा घेतल्याशिवाय दुसऱ्याला सुई लावायची नाही, हा दंडक त्यांनी पुढेही पाळला.

फ्रान्स आणि रशिया या दोन्ही देशांनी लशीकडे पाठ फिरवली. पूर्वी भारताचे व्हाइसरॉय असलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांच्या प्रयत्नाने हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली. मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यात उतरले. पुढील दोन-अडीच वर्षांत बंगाल, आसामपासून पंजाबपर्यंत हिंडून त्यांनी चाळीस हजारांहून अधिक लोकांना लस दिली. सक्तीला त्यांचा विरोध होता. वस्तीतील काहींनी लस घ्यावी, काहींनी घेऊ नये आणि मग दोन्ही गटांतील आजार व मृत्यू यांची तुलना करावी, अशी त्यांची पद्धत होती. हिवतापाने प्रकृती ढासळल्यामुळे त्यांना मध्यंतरी इंग्लंडला परतावे लागले, पण १८९६ मध्ये ते पुन्हा भारतात आले. त्याच वर्षी मुंबईवर प्लेगचे संकट कोसळले.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी पहिल्या रुग्णाचे निदान केले. मग हा गाठीचा ताप बंदरातून शहरात आणि शहरातून रेल्वेच्या वाटेने दख्खनमध्ये पसरला. पुण्यात रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना याच रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. घरझडत्या आणि सक्तीचे विलगीकरण यांमुळे लोक संतापले. त्याच वर्षी २२ जूनला प्लेग कमिशनर रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या वेळी नांदेड आणि लातूर निजामाच्या राज्यात होते. गावात उंदीर मरून पडू लागले की घरदार सोडून माळावर खोपटी बांधून राहायचे, हे मराठवाड्याच्या जुन्या पिढ्यांना ठाऊक होते.

मराठवाड्यासाठी हा रोग केवळ आजी-आजोबांच्या आठवणीतला राहिला नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, बीड जिल्ह्यातील मामला गावात गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. भूकंपानंतर भेगाळलेली घरे ओस पडली, त्यांत धान्य तसेच राहिले आणि उंदरांना रान मोकळे मिळाले, अशी कारणमीमांसा काही अभ्यासकांनी मांडली. पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली आणि जगाचे लक्ष भारताकडे लागले. हाफकिन यांनी ज्या शत्रूशी झुंज घेतली, तो असा शंभर वर्षांनी पुन्हा दारात येऊन उभा राहिला होता.

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने हाफकिन यांना मुंबईला धाडले. भायखळ्याच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात एक खोली आणि लगतची पडवी, एक कारकून आणि तीन शिपाई, एवढाच त्यांचा संसार होता. प्लेगचे जंतू अवघ्या दोन वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडले होते. त्यांची मोठ्या प्रमाणावर पैदास करायची तर पोषक द्रव हवा. पाश्चात्त्य प्रयोगशाळांत तो गोमांसापासून बनवीत. तो येथे कोणी अंगात टोचून घेतला नसता, हे ओळखून हाफकिन यांनी बोकडाच्या मांसाचा काढा वापरला. या द्रवावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले, की जंतू त्यांच्या आधाराने वाढत आणि छताला लोंबणाऱ्या क्षारांच्या कांड्यांसारखे खाली लटकत. चंबू हलवला की त्या कांड्या गळून तळाशी बसत आणि वर नवे पीक येई. काही आठवड्यांनी हे सारे उष्णता देऊन मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल मिसळून बाटल्या भरायच्या, अशी ही रीत होती.

ज्या खोलीत हे चाले तेथील धोक्याची कल्पना आज करणेही अवघड आहे. हवा गाळणारी बंदिस्त कपाटे नव्हती. रबरी हातमोजे तेव्हा कुठे शस्त्रक्रियेच्या दालनात येऊ लागले होते. काचेच्या नळीत द्रव तोंडाने ओढून घेण्याची पद्धत साऱ्या जगात रूढ होती. जिवंत प्लेगने भरलेला चंबू हातातून निसटला तर काय होईल, या विचाराच्या छायेत तीन-चार माणसे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत होती. एका साहाय्यकाचा मानसिक तोल ढळला, आणखी दोघे काम सोडून गेले. हाफकिन मात्र जागचे हलले नाहीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी तयार झालेली लस, पुढे इतरांना दिली गेली त्याहून मोठ्या मात्रेत, स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप असतानाही त्यांनी काम थांबवले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. सुमारे दीडशे कैद्यांनी स्वखुशीने लस घेतली. लस न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडले व सहा दगावले. लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, पण कोणी दगावले नाही.

प्रयोगशाळेतला प्लेग किती जवळ असतो, याचा धडा जगाला पुढच्याच वर्षी मिळाला आणि त्याचे मूळही मुंबईतच होते. ऑस्ट्रियाच्या वैद्यकांचे एक पथक १८९७ मध्ये मुंबईत येऊन साथीचा अभ्यास करून गेले आणि जाताना जंतूंचे नमुने व्हिएन्नाला घेऊन गेले. ऑक्टोबर १८९८ मध्ये तेथील प्रयोगशाळेत प्राण्यांची निगा राखणारा फ्रान्झ बारिश हा सेवक फुप्फुसाच्या प्लेगने मरण पावला. त्याच्यावर उपचार करणारे डॉ. हेर्मान म्युलर मुंबईत प्लेगचे असंख्य रुग्ण तपासून सुखरूप परतले होते. त्यांनाही लागण झाली. त्यांनी स्वतःला कोंडून घेतले आणि २३ ऑक्टोबरला प्राण सोडला. बारिशची शुश्रूषा करणारी आल्बिने पेखा ही परिचारिकाही वाचली नाही. साथ हजारो मैल दूर असताना एका शहराच्या मध्यभागी तीन माणसे गेली. रोगजंतूंच्या प्रयोगशाळेत पहिला बळी बहुधा शास्त्रज्ञाचा जात नाही. पिंजरे साफ करणारा, भांडी धुणारा आणि कचरा उचलणारा आधी जातो, हे व्हिएन्नाने दाखवून दिले.

मुंबईत हाफकिन यांच्या लशीची मागणी वाढत होती. तिसरे आगाखान यांनी स्वतः लस टोचून घेतली, खोजा समाजातील हजारोंनी त्यांचे अनुकरण केले आणि प्रयोगशाळेसाठी बंगलाही मिळाला. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. १८८२ मध्ये गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी याच वास्तूत पटकीने दगावल्या होत्या आणि त्यानंतर गव्हर्नरांचा मुक्काम मलबार टेकडीकडे हलला होता. पटकीने ओस पाडलेल्या वाड्यात पटकीची लस शोधणारा माणूस राहायला यावा, हा मोठा योगायोग होता. पदवी आली, मानसन्मान आले आणि ब्रिटिश नागरिकत्वही मिळाले. वयाच्या चाळिशीत हाफकिन कीर्तीच्या शिखरावर होते.

१९०२ मध्ये पंजाबात प्लेगने थैमान घातले. तेथे व्यापक लसीकरणाचा निर्णय झाला आणि परळच्या प्रयोगशाळेकडे लाखो मात्रांची मागणी आली. हा पुरवठा वेळेत व्हावा म्हणून हाफकिन यांनी निर्मितीची रीत बदलली. कार्बोलिक आम्ल वगळून केवळ उष्णतेवर विसंबायचे ठरले. पाश्चर संस्थेत ही पद्धत आधीपासून वापरात होती, पण भारतातील सरकारी वैद्यकांना ती अपरिचित होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली गेली. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्यांतील काहींचे जबडे घट्ट मिटले आणि पाठी ताठ होऊ लागल्या. तो धनुर्वात होता. एकूण एकोणीस जणांना तो झाला आणि एकोणीसही जण दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली गेली होती आणि त्या बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. उरलेल्या चार बाटल्यांतून लस घेतलेल्या अठ्ठ्याऐंशी जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नाही. प्रत्येक बाटलीवर क्रमांक होता आणि कोणती बाटली कोणाला, याची नोंद होती. म्हणूनच हे इतके स्पष्टपणे कळू शकले.

दोषी कोण, याचा तपास सुरू झाला. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्यासह तिघांचा आयोग नेमला गेला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळच्या प्रयोगशाळेतच ती दूषित झाली असावी, असा त्याचा कौल पडला. कार्बोलिक आम्ल वगळण्याचा निर्णय हाफकिन यांच्या अंगाशी आला. त्यांना संचालकपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्याने हजारोंना जीवदान दिले, त्याच्या नावापुढे आता एकोणीस मृत्यू लिहिले गेले होते. परकीय, ज्यू आणि वैद्यकीय सेवेच्या बाहेरचा माणूस म्हणून त्यांच्याकडे आधीपासून आकसाने पाहणारे कमी नव्हते. त्यामुळे फ्रान्समध्ये खोट्या आरोपाखाली शिक्षा झालेल्या ज्यू अधिकारी द्रेफ्यूस यांच्या प्रकरणाशी पुढे अनेकांनी या प्रकरणाची तुलना केली.

चौकशीच्या कागदपत्रांत मात्र एक साधी गोष्ट नोंदली गेली होती. ५३ एन ही बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो उचलला, कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून हलवला आणि त्याच चिमट्याने बूच काढले. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. प्रतिकूल काळात ते स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करतात. अशा बीजाणूंना जंतुनाशकात बुडवून काढल्याने काहीही होत नाही. त्यांना ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवलेला चिमटा किंवा दाबाखालील वाफ हवी.

विज्ञानाची साक्षही याच दिशेने होती. बाटली कित्येक आठवड्यांपूर्वी भरलेली होती. त्याच वेळी तिच्यात धनुर्वाताचे बीज पडले असते, तर इतक्या दिवसांत ते बेसुमार वाढले असते आणि बाटली उघडताच उग्र दुर्गंधी सुटली असती. ती उघडणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय विषाने भरलेला द्रव टोचला गेला असता, तर लक्षणे आठवड्याची वाट पाहत थांबली नसती. दूषण बाटली उघडताना झाले, असेच हे सारे सांगत होते.

हे जाहीरपणे मांडण्याचे श्रेय रोनाल्ड रॉस यांना जाते. १८९७ मध्ये सिकंदराबादेत, म्हणजे ज्या निजामी मुलखात तेव्हा नांदेड-लातूरही होते त्याच मुलखात, डासाच्या जठरात हिवतापाचा परजीवी शोधून काढणारे आणि १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे हेच रॉस. सरकारने कागदपत्रे प्रसिद्ध करताच त्यांनी ती बारकाईने तपासली आणि लेखणी उचलली. जुलै १९०७ मध्ये दहा नामांकित शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरील आरोप सिद्ध झालेला नाही, उलट पुरावा त्याविरुद्ध आहे, असे जाहीर केले. संसदेतही प्रश्न विचारले गेले. अखेर त्या वर्षाच्या शेवटी सरकारने त्यांना पुन्हा भारतात पाचारण केले.

हाफकिन आले, पण त्यांना परळची प्रयोगशाळा मिळाली नाही. कोलकात्यात नेमणूक झाली. तेथे लशींच्या प्रत्यक्ष चाचण्या करण्यास मोकळीक नव्हती, त्यामुळे कामाचा भर तात्त्विक संशोधनावर राहिला. पाच वर्षांच्या मानहानीने त्यांच्यातील उत्साह मावळला होता. पंचावन्नाव्या वर्षी नियमानुसार निवृत्त होऊन ते युरोपला परतले. लग्न त्यांनी केलेच नव्हते. उत्तरायुष्य धर्मचिंतनात आणि ज्यू समाजाच्या कार्यात गेले. आपली संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील धार्मिक शिक्षणसंस्थांसाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. त्याआधी पाच वर्षे, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले होते. तोवर त्या वास्तूतून प्लेगच्या लशीच्या दोन कोटी साठ लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ मध्ये भारताने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

मुल्कोवालची शिकवण केवळ हाफकिन निर्दोष होते, एवढीच नाही. दुर्घटना घडली की आयोगाने एक माणूस शोधला. लस बनवण्यापासून ती टोचण्यापर्यंतच्या पायऱ्या एक एक करून तपासायला पाच वर्षे आणि एक नोबेल विजेता लागला. चिमटा पडणे हा गुन्हा नाही. कोणाच्याही हातून तो पडू शकतो. पडलेल्या चिमट्याचे काय करायचे, हे त्या मदतनिसाला कोणी नीट शिकवले होते का आणि दुसरा निर्जंतुक चिमटा त्याच्या हाताशी होता का, हे खरे प्रश्न होते. घाईच्या दिवसांत सुरक्षिततेचा एक थर काढून टाकला, तर उरलेल्या थरांवर सारा भार येतो, हेही त्यात आलेच. लशीत कार्बोलिक असते तर एकोणीस जीव वाचले असते की नाही, याचा वाद पुढेही चालू राहिला. तो थर काढताना लस उघडणाऱ्या हातांना अधिक काळजी शिकवायला हवी होती, यात मात्र वाद नाही.

आज नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत आसपासच्या तालुक्यांतून, आणि शेजारच्या तेलंगण-कर्नाटकातूनही, रुग्ण येतात. त्यांच्या रक्ताच्या नळ्या, थुंकीच्या डब्या आणि गाठींचे तुकडे प्रयोगशाळेच्या टेबलावर येतात, तेव्हा कोणत्या नळीत काय दडले आहे, हे कोणालाच ठाऊक नसते. क्षयाच्या थुंकीतून उडणारे सूक्ष्म तुषार, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावताना बोटात शिरणारे टोक आणि फिरत्या यंत्रात फुटलेली नळी, ही आजची मुल्कोवाले आहेत. त्या सुईतून कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही यांचा संसर्ग होऊ शकतो. म्हणूनच प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असे मानूनच हाताळायचा, हा नियम जगभर स्वीकारला गेला. तोंडाने द्रव ओढण्यास बंदी आली. वापरलेली सुई जागच्या जागी कापून न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात टाकायची, सांडलेल्या रक्तावर हायपोक्लोराइट ओतायचे आणि जंतूंच्या वाढीच्या बशा वाफेच्या दाबाखाली मारल्याशिवाय बाहेर काढायच्या नाहीत, अशी शिस्त घालून दिली गेली. सुई टोचलीच तर ती लपवायची नाही. जागा साबण-पाण्याने धुवायची, नोंद करायची आणि एचआयव्हीची शंका असल्यास प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, बहात्तर तासांच्या आत सुरू करायची.

देशात जैववैद्यकीय कचऱ्याविषयीचे नियम १९९८ मध्ये आले आणि २०१६ मध्ये ते नव्याने घडवले गेले. नव्या नियमांत एक तरतूद आहे. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला, तो झाडू मारणारा असला तरी, कावीळ ब आणि धनुर्वात या दोन रोगांविरुद्ध लस दिली गेली पाहिजे. ज्या रोगाने मुल्कोवालमध्ये एकोणीस जीव घेतले आणि एका शास्त्रज्ञाचे आयुष्य झाकोळले, त्याचे नाव त्या कलमात आहे. व्हिएन्नाच्या बारिशसारख्या पिंजरे धुणाऱ्या माणसाची आठवणही त्यात नकळत जपली गेली आहे.

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीत घशातील स्रावाचे नमुने तपासण्यासाठी मराठवाड्यातील प्रयोगशाळांतील कर्मचारी अंगभर आवरणे चढवून रात्रंदिवस उभे होते, तेव्हा ग्रँट महाविद्यालयातील ती एक खोली, तो कारकून आणि ते तीन शिपाई यांच्याशी त्यांचे नाते जुळले. त्या शिपायांची नावे इतिहासाने राखली नाहीत. हाफकिन यांचे नाव राहिले आणि ते अकारण लागलेल्या कलंकातून सुटले, याचे कारण बाटलीवर लिहिलेला एक क्रमांक आणि पडलेल्या चिमट्याची प्रामाणिकपणे दिलेली जबानी हे होते. नमुन्यावरील चिठ्ठी नीट लिहिणारा आणि झालेली चूक न लपवणारा तंत्रज्ञ रुग्णाला, सहकाऱ्याला आणि स्वतःलाही वाचवत असतो. परळच्या त्या जुन्या वाड्यातून निघालेल्या लशींइतकाच हा वारसाही मोलाचा आहे.